पेनड्राइव्हचे उद्घाटन

'मशीन स्लो झालं' हे वाक्य मी सव्वीस वर्षांत जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा स्वतःचे नावही ऐकले नसेल. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चप्पल काढतानाच ते बोलते आणि माझ्याकडे अशा नजरेने बघते की हे पाप मीच केले असावे. मशीन पंधरा वर्षांचे असते. आत उंदराने संसार थाटलेला असतो. घरातल्या पोराने तीन-तीन अँटिव्हायरस भरलेले असतात आणि ते दिवसभर एकमेकांनाच चोर समजून पकडत बसतात. तरी गिऱ्हाइकाचे म्हणणे एकच, "रशीदभाई, घेतलं तवा तं लय फास्ट होतं." घेतले तेव्हा तुम्हीही जिना एका दमात चढत होता, असे मी मनातल्या मनात म्हणायचो आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचो.

माझे दुकान रिसोडला, धान्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. गेल्या वर्षी बंद केले. आता तिथे मोबाईलची कव्हरे मिळतात आणि माझ्यापेक्षा जास्त गर्दी असते. वडील त्याच जागेत घड्याळे दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे घड्याळ मागे पडते म्हणून येणारा माणूस, चावी द्यायला विसरलो होतो, हे निदान कबूल तरी करायचा. माझ्याकडे आलेल्या माणसाने काही कबूल केल्याचे मला आठवत नाही. आणि या लेखात मी जे कबूल करणार आहे ते करायला मलाही दोन वर्षे लागली, तेव्हा त्यांना तरी काय बोलणार.

तर पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह खोचला की जुने मशीन पळू लागते, असा एक व्हिडिओ मध्यंतरी आपल्या जिल्ह्यात मोबाईल टू मोबाईल फिरला. त्यात एक तरुण मोठ्या आवाजात सांगत होता की दुकानदार तुम्हाला लुटतात आणि हा उपाय लपवून ठेवतात. मी काही लपवले नव्हते. ती सोय कॉम्प्युटरमध्ये कित्येक वर्षांपासून होती, मलाही माहीत होती, आणि ती फारशी कामाची नाही हेही माहीत होते.

ज्यांना यातले काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरला आपले स्वयंपाकघर समजा. ओटा म्हणजे रॅम, सगळे चिरणे-फोडणी तिथेच चालते. मागची अंधारी कोठी म्हणजे हार्ड डिस्क, सगळा साठा तिथे. ओटा वीतभर असला की बाई दर फोडणीला उठून कोठीत जाते, मोहरी आणते, परत ठेवते, मग हळद आणायला पुन्हा जाते. मशीन स्लो होते म्हणजे हे होते. पेनड्राइव्ह लावणे म्हणजे ओट्याजवळ एक स्टूल ठेवणे. वरचेवर लागणारे डबे त्यावर ठेवले की काही खेपा वाचतात. पण स्टुलावर चिरता येत नाही, फोडणी देता येत नाही. खरा उपाय म्हणजे ओटा मोठा करणे, नाही तर जुनी डिस्क काढून नवीन पद्धतीची, आत काही न फिरणारी, बिनचक्रीची डिस्क बसवणे. हे सगळे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "थे ठीक हाय, पण स्टूलच लावा."

सुरुवात माझ्याच हाताने झाली. एका कृषी केंद्राच्या मालकाचे फारच छोटे मशीन होते. नवीन सामान येईपर्यंत सोय म्हणून मी त्याला पेनड्राइव्ह लावून दिला, आणि जाता जाता मागच्या मागे बावीस फालतू प्रोग्राम बंद केले. काम त्या बावीस प्रोग्रामांनी केले, नाव पेनड्राइव्हचे झाले. मालकाने बाजारभर सांगितले. आठ दिवसांत माझ्या दुकानापुढे लोक मशीन घेऊन उभे. मी खरे काय ते सांगायला तोंड उघडले होते, पण समोरचा 'रशीदभाई, तुमच्या हाताले गुण हाय' असे म्हणाला आणि ते तोंड मी चहा प्यायला वापरले.

मग एकेक नमुने. रिठदचा एक जण चार पेनड्राइव्ह घेऊन आला, चारी लावा, चौपट पळेल. एक निवृत्त ग्रामसेवक रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह उपटून कपाटात कुलुपात ठेवायचे, चोरीला जाऊ नये म्हणून, आणि सकाळी मशीन पुन्हा स्लो कसे होते म्हणून माझ्याशी वाद घालायचे. एका बाईंनी तो टीव्हीला लावला होता आणि मालिका लवकर पुढे सरकत नाही अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार मला आजही रास्त वाटते.

यातले सगळ्यात थोर गिऱ्हाईक एक सोयाबीनचे व्यापारी. त्यांचे मशीन नवेकोरे, त्यात बिनचक्रीची डिस्क. पण समोरच्या अडत्याच्या मशीनला लुकलुकणारा पेनड्राइव्ह होता आणि यांच्याला नव्हता. मी लावला. कॉम्प्युटरने पाटी दाखवली. तिचा अर्थ असा की हे मशीन आधीच पुरेसे वेगवान आहे, याला या मदतीचा काही फायदा नाही. मी ती वाचून दाखवली. शेठ लाल झाले. "म्हणजे हा मले नाई म्हणून राह्यला? माह्या पैशाचा कॉम्प्युटर?" मी म्हटले, शेठ, तो तुमची तारीफ करून राह्यला. ते ऐकेनात. शेवटी मी पेनड्राइव्ह नुसताच खोचून ठेवला, तो लुकलुकला, शेठ खूश झाले. पुढे भेटले की सांगायचे, "लय फरक पडला." अशा लोकांमुळे माझ्या नावापुढे 'पेनड्राइव्हवाले' लागले. मला ते आवडत होते. खोटे कशाला सांगू.

रिठदच्या पुढे एका बंजारा तांड्यावर चौथीपर्यंतची शाळा आहे. तिथल्या वानखडे मॅडम एक दिवस एसटीने रिसोडला आल्या आणि माझ्या दुकानात उभ्या राहिल्या. दोन वेण्या घातलेली एक मुलगी सोबत होती. मॅडम म्हणाल्या, "रशीदभाऊ, शाळेचा कॉम्प्युटर उघडाले अकरा मिनिटं लागतात. तेवढ्यात पहिलीचे दोन पोरं झोपून जातात." त्यांनी ते घड्याळ लावून मोजले होते. अकरा मिनिटे असे नेमके सांगणारे हे माझे पहिलेच गिऱ्हाईक. मी दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढली.

कॉम्प्युटर भाऊसाहेबांनी दान दिलेला होता. भाऊसाहेब म्हणजे त्या भागातले एक होऊ घातलेले पुढारी. दान जुनेच होते, त्यांच्या कोणत्या तरी ऑफिसातून निघालेले, पण वर दात्याचे नाव इतके मोठे रंगवलेले की बटण कुठे आहे ते शोधावे लागायचे. मॅडमनी तो चालू केला आणि आम्ही वाट बघत बसलो. तेवढ्या अकरा मिनिटांत त्यांनी मला त्या मशीनमध्ये काय आहे ते सांगितले.

तांड्यावरची पोरे घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिलीत येतात तेव्हा त्यांना मराठी येत नाही आणि मॅडमना गोरमाटी येत नव्हती. "पोरगं भुकेलं हाय का त्याचं पोट दुखून राह्यलं, थे मले समजे ना," त्या म्हणाल्या. "महिना महिना तोंड उघडत नसे. मंग शाळाच सोडून देत." तेव्हा त्यांनी मोठ्या पोरांना हाताशी धरले. एकाने गोरमाटी शब्द बोलायचा, मग त्याचा मराठी शब्द बोलायचा, वर चित्र दुसऱ्याने काढायचे. याडी म्हणजे आई. बाटी म्हणजे भाकर. मॅडमच्या मोबाईलमध्ये जागा नव्हती, म्हणून कॉम्प्युटरला माइक लावून सगळे त्यातच भरलेले. तीन वर्षांत चारशेच्या वर शब्द झाले होते. पहिलीचे पोर पडद्यावरच्या चित्रावर माउसने टिचकी मारायचे, आपल्याच तांड्यातल्या ताईचा आवाज ऐकायचे आणि मागोमाग मराठी शब्द बोलायचे. दोन वर्षांत एकाही पोराने शाळा सोडली नव्हती. शेवटच्या वर्षातले बहुतेक आवाज त्या दोन वेण्यांच्या मुलीचे होते. तिचे नाव पूनम, तेव्हा तिसरीत.

पडदा उजळला आणि त्याच वेळी मी तो आवाज ऐकला. टक्. टक्. मग लांब खरखर, मग पुन्हा टक्. आमच्या धंद्यात हा आवाज ज्याला ओळखता येत नाही त्याने दुकान उघडू नये. जुन्या डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांच्यावर वाचणारी सुई असते. सुईला जागा सापडेनाशी झाली की ती अशी डोके आपटते. त्यावर नियम एकच, मशीनला बाकी काही करू नका, आधी आतले सगळे दुसरीकडे उतरवून घ्या. माझ्या खिशात नवाकोरा पेनड्राइव्ह होता. त्यावर पोरांचे सगळे आवाज दहा वेळा मावले असते. अर्ध्या तासाचे काम होते.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. भाऊसाहेब आले, मागे दोन माणसे. मी मशीन बघायला आल्याचे त्यांच्या कानावर गेले होते, आणि व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता. मी त्यांना डिस्क बदलू म्हणालो. नवी डिस्क आणि थोडी रॅम, मशीन अजून पाच वर्षे चालेल.

"डिस्क कुठी बसते?" त्यांनी विचारले.

"आत, डब्यात."

"मंग थे कोणाले दिसन?" ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न बरोबर होता. दिलेली वस्तू मशीनच्या पोटात गेली तर दान केले हे लोकांना कळणार कसे. "पेनड्राइव्ह बाहेरून दिसते, लुकलुकते. आपण थेच लावू. शनिवारी कार्यक्रम घेऊ, पेपरवाल्याइले मी सांगतो. अन् रशीदभाई, तुमाले स्टेजवर बसा लागते. शाल-नारळ हाय तुमचं."

शाल मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. वडील चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करून गेले, त्यांनाही नाही.

मॅडमचे लक्ष मशीनकडे होते. त्यांनी मला विचारले, "भाऊ, हा टक् टक् आवाज कायचा येऊन राह्यला?"

भाऊसाहेब माझ्याकडे पाहत होते. डिस्क मरायला टेकली आहे असे म्हटले असते तर त्यांनी दान केलेले मशीन मेलेले होते असे चारचौघांत ठरले असते, शनिवार गेला असता आणि शालही गेली असती.

मी म्हणालो, "पंख्याचा हाय. धूळ बसली."

मी मनाशी ठरवले होते की कार्यक्रम झाला की पुढच्या आठवड्यात गुपचूप येऊन सगळे उतरवून घेऊ. डिस्का असा आवाज करत महिना-महिना चालतात, हेही खरे होते. खोटे बोलणाऱ्याजवळ नेहमी एखादे खरे कारण असतेच.

शनिवारचा कार्यक्रम मी विसरू म्हटले तरी विसरणे शक्य नाही. पटांगणात मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर. कॉम्प्युटर टेबलावर मांडून त्याला झेंडूचा हार घातलेला, तो नेमका हवेच्या जाळीवर. ताटात हळद-कुंकू आणि मधोमध पेनड्राइव्ह. मी तासभर आधी येऊन मशीन चालू करून ठेवले होते, म्हणजे अकरा मिनिटांचा प्रश्नच नको. ही आयडिया माझी. भाऊसाहेबांनी पेनड्राइव्हला कुंकू लावले, आणि ते लावले थेट त्याच्या धातूच्या टोकाला, जे आत जाते. मी "साहेब, तिथं नको" म्हणेपर्यंत चिमूटभर हळदही पडली. मग त्यांनी तो खोचायला घेतला. सुलटा जाईना. उलटा करून पाहिला, जाईना. पुन्हा सुलटा केला तेव्हा गेला. फोटोवाला म्हणाला, साहेब, एकदा परत. म्हणून तो काढून पुन्हा खोचला. त्या गडबडीत मशीनची पुढची खाच कुंकवाने बुजली ती बुजलीच, मला नंतर मागच्या बाजूला लावावा लागला, जिथे तो कोणालाच दिसत नव्हता. नारळ टेबलाच्या कोपऱ्यावर फोडायला निघाले होते, तेवढे मात्र मी हात धरून थांबवले. दिवसभरात मी केलेले खऱ्या कारागिराचे काम तेवढेच.

भाऊसाहेबांनी भाषण केले. आपला तांडा आता जगाच्या वेगाने धावणार, असे म्हणाले. मग मला शाल पांघरली. पोरांना रांगेत उन्हात बसवले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात भाऊसाहेब आहेत, पेनड्राइव्ह आहे, मी आहे. मॅडम कडेला होत्या, त्या कापल्या गेल्या.

मशीन अकराचे नऊ मिनिटांवर आले. तेही पेनड्राइव्हने नाही, माझ्या नेहमीच्या सफाईने. पुढचा आठवडा लग्नसराईचा, एका फोटो स्टुडिओचे मशीन बंद पडले. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाजारातल्या व्यापाऱ्यांनी माझा सत्कार ठेवला, मी तिकडे गेलो. तिसऱ्या आठवड्यात मला खरोखर आठवण झाली होती. चौथ्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "भाऊ, काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ आली. अन् थो पंख्याचा आवाज बंद झाला."

मी डिस्क काढून आणली. माझे सगळे उपाय केले. मग नागपूरला एका माणसाकडे स्वतः घेऊन गेलो, तो अशा डिस्का उघडून वाचतो. त्याने चकती दाखवली. तिच्यावर गोल ओरखडे पडले होते, चांगले बोटाला लागण्यासारखे. "बहोत दिन से घिस रही थी," तो म्हणाला. "किसी ने आवाज नहीं सुनी क्या?" मी म्हणालो, सुनी थी.

पेनड्राइव्ह मात्र ठणठणीत होता. मी तो उघडून पाहिला. आत एकच भली मोठी फाईल, त्या मशीनने स्वतःसाठी घेतलेल्या जागेची. तिच्यात कोणाचाही आवाज नव्हता.

मी शाळेत माझ्या खर्चाने नवी डिस्क बसवली, रॅम टाकली. मशीन आता वीस सेकंदांत उघडते. उघडल्यावर आत काही नाही. पुन्हा भरू म्हटले तर आवाज देणारी निम्मी पोरे ऊसतोडीला आईबापांमागे गेली होती, काही पोरे पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत. त्या वर्षी पहिलीतली तीन पोरे शाळेत यायची थांबली. मॅडम मला कधी काही बोलल्या नाहीत. 'मशीन हाय, बिघडतेच,' एवढे म्हणाल्या. मला तेच सहन होईना. मी दुकानात बसलो की कोणी ना कोणी 'लय फरक पडला' म्हणायचे आणि मला ते शिवीसारखे लागायचे. शेवटी शटर ओढले तेव्हा लोकांना सांगितले, डोळे कमजोर झाले. डोळ्यांना काही झाले नव्हते.

दुकान बंद केल्यावर पंधरा दिवसांनी तांड्यावर गेलो. मधली सुट्टी होती. वर्गाच्या दारात उभे राहून मॅडमना सगळे सांगितले. आवाज डिस्कचा होता, मला त्याच क्षणी कळले होते, उपाय माझ्या खिशात होता आणि शालीसाठी मी पंखा म्हणालो.

त्यांनी हातातला हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "हे मले काहून सांगता? ज्या पोराइनं थे केलं होतं, त्याइले सांगा." आणि त्यांनी घंटा द्यायला लावली.

पोरे आत येऊन बसली. पूनम आता चौथीत, मागच्या ओळीत. मी फळ्यापुढे उभा राहिलो. बाजारात, सत्कारात, व्यापाऱ्यांपुढे मी कितीही वेळ बोलू शकतो. तिथे सुरुवात कशी करावी म्हणून मी खडू घेऊन फळ्यावर एक गोल काढला. मी त्यांना डिस्क म्हणजे काय ते सांगितले, सुई सांगितली, टक् टक् सांगितले. मग म्हणालो की ते आवाज वाचवता आले असते, मला माहीत होते, आणि मी खोटे बोललो. पहिलीच्या पोरांना किती कळले कोण जाणे. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या.

पूनम उभी राहिली. रागात नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"मंग त्या दिवशी आमी टाळ्या कायच्यासाठी वाजवल्या?"

मी म्हणालो, "माह्यासाठी."

ती खाली बसली आणि तिने वही उघडली.